हुरड्याआधी चीजचं ताट: किती, कोणतं आणि वावरात टिकवायचं कसं

वाचकाचं पत्र

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी माझा धाकटा दीर पाच मित्र-मैत्रिणींना घेऊन आमच्या वावरात हुरडा खायला येतोय. शनिवारी ते सगळे बेंगळुरूहून नागपुरात उतरतील, रविवारी सकाळी गाडीनं इकडे. त्याची फर्माईश आहे की हुरड्याआधी लाकडी पाटावर चीज आणि सलामी मांडतात, तसं काहीतरी कर. फोटो पाठवलेत, पण त्यावरून काय आणायचं ते काही कळत नाही. आम्ही दोघं धरून आठ जण होऊ. दोघं शाकाहारी आहेत, एकीला पाचवा महिना आहे. सासूबाईंना घरात मांसमच्छी चालत नाही, वावरात चालते. फ्रिज घरी, वावर दोन किलोमीटरवर. काय आणू, किती आणू, आणि दुपारपर्यंत खराब तर होणार नाही ना?

— एक वाचक, काटोल तालुका

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. खराब होणार नाही, पण त्यासाठी ताट लहान ठेवायचं आणि दोनदा भरायचं. फोटोतले पाट भरगच्च दिसतात, कारण ते फोटोसाठीच मांडलेले असतात. पुढे हुरडा, भरीत, भाकरी आहेच. त्यामुळे तुमच्याकडे तीन प्रकारचं चीज, दोन प्रकारचं मांस आणि बाकी सगळं घरचं, एवढ्यात काम होतं. पैसा चीजवर घाला, जीव थंडाव्यात घाला.

जेवणाआधीच्या ताटाला माणशी ४० ते ५० ग्रॅम चीज पुरतं. आठ जणांचे झाले साधारण ३२० ते ४०० ग्रॅम. त्यातलं १५० ग्रॅम गौडा घ्या. तो सौम्य, किंचित गोडसर असतो आणि ज्यांनी चीज फारसं खाल्लेलं नाही त्यांनाही आवडतो. १०० ग्रॅम चेडर घ्या, मिळालं तर जास्त मुरवलेलं. ते खारट, आंबूस आणि चवीला धारदार असतं. तिसरं मऊ चीज विकत आणूच नका, ते घरी करू. निळ्या बुरशीचं चीज या खेपेला नको. त्याचा वास डब्यातल्या सगळ्या वस्तूंना लागतो आणि आठातले दोघंच ते खातात.

दुकानात पाकिटावरची बारीक अक्षरं मात्र वाचा. चौकोनी क्यूब, स्लाइस आणि डब्यातलं चीज हे बहुतेक 'प्रोसेस्ड' असतं. तयार चीज वितळवून, त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार घालून ते पुन्हा घट्ट केलेलं असतं. सँडविचला ते उत्तम, पण ताटावर नुसतं खाताना सगळे तुकडे एकाच चवीचे आणि रबरासारखे लागतात. घटकांच्या यादीत दूध, मीठ, विरजण आणि रेनेट एवढंच असेल तर ते नैसर्गिक चीज. अमूलचा गौडा नागपुरातल्या मोठ्या दुकानांत मिळू शकतो. दूध जमवणारं रेनेट पूर्वी वासराच्या पोटातून घेत. आता ते सूक्ष्मजीवांपासूनही बनतं. शाकाहारी पाहुण्यांसाठी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या, परदेशी चीज असेल तर आवर्जून. समजा काटोलात प्रोसेस्डशिवाय काहीच मिळालं नाही, तर त्याच्या बोटाएवढ्या जाड कांड्या कापा आणि भाजलेले तीळ व भरड मिरी यांत घोळवा. ते आनंदानं खाल्लं जाईल.

मऊ चीज घरचं

शुक्रवारी रात्री अर्धा लिटर साईसकट म्हशीचं दूध चांगलं उकळा, कोमट झालं की विरजण लावा. शनिवारी सकाळी दही लागलं की त्यात पाव चमचा मीठ मिसळा, दुहेरी मलमलच्या फडक्यात बांधा आणि चाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये निथळत ठेवा. खुंटीला टांगू नका. बाहेर टांगलेला चक्का दिवसभरात आंबट होतो, आणि इथे आपल्याला आंबटपणा कमी व घट्टपणा जास्त हवा आहे. श्रीखंडाला सहा-सात तास पुरतात. इथे पूर्ण २४ तास लागतात. दीडशे-दोनशे ग्रॅम चक्का निघेल. तो बोटाला चिकटत नसेल तर निथळला समजा. चिकटत असेल तर फडकं बदला, कोरडं घ्या आणि वर पाण्याचा तांब्या वजनाला ठेवा.

रविवारी सकाळी तळहाताला तेलाचा थेंब लावून बोराएवढ्या गोळ्या वळा. अर्ध्या जवसाच्या चटणीत घोळवा, अर्ध्या बारीक चिरलेल्या सांबारात (कोथिंबिरीत) आणि मिरपुडीत. जवसाची चटणी मात्र ऐनवेळी लावा. आधी लावली तर ती ओल ओढून घेते, लिबलिबीत होते आणि तिचा खमंगपणा जातो.

मांस घरात न आणता

सासूबाईंची अडचण उलट सोयीची आहे. मांस घरच्या फ्रिजमध्ये आणायचंच नाही, ते पाहुण्यांबरोबर थेट वावरात येऊ द्या. दिराला सांगा, शनिवारी नागपुरात १०० ग्रॅम चिकन सलामी घे, रात्री जिथे मुक्काम असेल तिथल्या फ्रिजमध्ये ठेव, सकाळी बर्फाच्या डब्यात घालून आण. डुकराचं मांस आणायचं असेल तर मित्रांना आधी विचारून घ्यायला सांगा. कोण काय खात नाही हे पाटासमोर उघड व्हायला नको.

एक फरक त्याच्याही कानावर घाला. युरोपातली सलामी कच्च्या मांसात मीठ घालून, आंबवून, महिनोन्‌महिने वाळवलेली असते. पाण्याचा अंश कमी, आंबटपणा आणि मीठ जास्त, म्हणून अख्खी सलामी बाहेर टांगून ठेवली तरी टिकते. आपल्याकडे पाकिटात मिळणारी चिकन सलामी बहुधा वाटलेलं मांस शिजवून केलेली, ओलसर असते. नाव एक असलं तरी ती बाहेर टिकत नाही. पाकिट गोठलेलं असेल तर ते रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्यावं. गरम पाण्यात किंवा ओट्यावर ठेवून सोडवलं तर बाहेरचा थर आधी कोमट होतो आणि जिवाणू तिथे वाढायला लागतात. एकदा सुटलेलं पुन्हा गोठवायचं नाही. पाकिट फुगलेलं असेल, काप बोटाला बुळबुळीत लागत असतील किंवा आंबूस वास येत असेल तर ते चाखूनही बघू नका.

दुसरं मांस म्हणजे वावरातच केलेलं गार चिकन. सहा जणांसाठी बिनहाडाचं २५० ग्रॅम छातीचं मांस आणा आणि आडवं चिरून दोन बोटांपेक्षा जाड राहणार नाही असं करा. अर्धा लिटर गार पाण्यात २५ ग्रॅम मीठ (सपाट दीड मोठा चमचा), १० ग्रॅम गूळ आणि सात-आठ ठेचलेली मिरी विरघळवा. त्यात चिकन बुडवून डबा बर्फात ठेवा, दीड ते दोन तास. मिठाच्या पाण्यामुळे मांस आतपर्यंत खारं होतं आणि शिजतानाही रस धरून ठेवतं. त्यामुळे गार झाल्यावरही चोथा लागत नाही. मीठ वाढवू नका आणि वेळही वाढवू नका, नाहीतर चिकनऐवजी खारवलेला मासा खातोय असं वाटेल.

मग बाहेर काढून धुवा आणि फडक्यानं अगदी कोरडं करा. ओलं मांस तव्यावर भाजलं जात नाही, उकडतं. चुलीवर जाड तवा तापवून, चमचाभर तेलात दोन्ही बाजू दोन-दोन मिनिटं खरपूस करा, दोन चमचे पाणी मारा, झाकण ठेवा आणि निखाऱ्यावर १० ते १२ मिनिटं ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश हवं. नसेल तर सगळ्यात जाड जागी चिरून बघा, गुलाबी काही दिसता कामा नये. अर्धा तास झाकून गार करा, मग कोरड्या डब्यात घालून बर्फात. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायला घेतलं तर काप पडत नाहीत, तुकडे पडतात.

घरच्या घरी सलामी वाळवण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. मीठ लावून कच्चं मांस उन्हात टांगणं आणि मोजून नायट्रेटचं मीठ घालून, ठरावीक ओलाव्याच्या खोलीत ते मुरवणं यांत फार अंतर आहे. त्यात चुकलं तर बोट्युलिझमसारखी जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

पाचवा महिना असलेल्या पाहुणीला थंड सलामी देऊ नका. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदरपणात तो बाळाला धोक्याचा ठरतो. तिच्या वाटणीचं चिकन तव्यावर वाफ येईपर्यंत गरम करून लगेच वाढा. पाश्चराइज्ड दुधाचा गौडा आणि चेडर तिला चालतात, पाकिटावर तसं लिहिलेलं बघून घ्या. चक्क्याच्या गोळ्या तुम्ही उकळलेल्या दुधाच्या आणि ताज्या केलेल्या आहेत, त्याही चालतील.

बाकी सगळं तुमच्या घरातलं

चीज आणि सलामी दोन्ही खारट आणि चरबीदार. त्यांना सोबत हवी आंबटाची, गोडाची आणि कुरकुरीची. यासाठी काटोलात काही विकत घ्यायची गरज नाही, आंबिया बहाराची संत्री दारातच आहेत.

त्या संत्र्यांची घट्ट चटणी करून ठेवा, चेडरबरोबर ती अप्रतिम लागते. चार मोठी संत्री सोलून फोडींवरचे पांढरे धागे, पापुद्रे आणि बिया काढून टाका. नागपुरी संत्र्यातला कडवटपणा बियांतून आणि पापुद्र्यांतून येतो, आणि शिजवल्यावर तो वाढतो. आळस केलात तर चटणी करताना गोड लागेल आणि दुसऱ्या दिवशी कडू निघेल. एका संत्र्याची साल आतलं पांढरं खरवडून अगदी बारीक चिरा, पाच मिनिटं उकळा, ते पाणी फेका, पुन्हा नव्या पाण्यात उकळा. आता गर, साल, १२० ग्रॅम गूळ, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा भिवापुरी मिरचीचं तिखट एकत्र करून मंद आचेवर ठेवा. अर्ध्या तासात आटतं. बशीवर थेंब टाकून बोटानं रेघ ओढा. रेघ मिटली नाही की उतरवा आणि दोन चमचे लिंबाचा रस घाला. ही चटणी गुरुवारीच करून ठेवा, दोन दिवसांनी तिखट-गोड एकजीव होतं.

संत्र्याच्या नुसत्या फोडीही ठेवा, पण वेगळ्या वाटीत. पाटावर ठेवल्या तर रस पसरतो आणि कुरकुरीत सगळं मऊ पडतं.

आंबटासाठी आपलं तेलाचं लोणचं नको. हिंग, मेथी आणि मोहरीपुढे चीजची चव उरतच नाही. शनिवारी गाजर आणि मुळ्याच्या पातळ चकत्या बरणीत भरा. एक वाटी व्हिनेगर, एक वाटी पाणी, एक चमचा मीठ, दोन चमचे साखर उकळून गरमच वर ओता. रात्रीत तयार होतं. फल्लीदाणे भाजून साल काढून ठेवा, खारे नकोत. गुळाचे बोराएवढे खडे चेडरशेजारी ठेवा. चारोळी असेल तर मूठभर भाजून चक्क्यावर भुरभुरा.

बिस्किटांऐवजी ज्वारीची भाकरी. शक्य तितकी पातळ थापा, भाजल्यावर कात्रीनं त्रिकोण कापा आणि पुन्हा मंद तव्यावर दाबून दाबून कडक करा. तीन भाकऱ्यांचे पंचवीस-तीस तुकडे होतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट भरले तर वाफेनं मऊ पडतात. बेकरीचा टोस्ट घ्यायचा असेल तर चाखून घ्या, वेलची किंवा बडीशेपेचा असेल तर इथे चालत नाही. खारीचा भुगा होतो. वर्ध्याचा गोरसपाक कुणी आणून देत असेल तर जरूर ठेवा, तुपाचा तो खुसखुशीत गोडवा आणि खारट चेडर यांची जोडी फार छान जमते.

थंडावा

डिसेंबरात तुमच्याकडे दुपारी सावलीत २५ ते २८ अंश असतं. या हवेत चीज आणि मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. पारा ३२ च्या वर असेल तर तासभरच. म्हणजे हेच ताट मे महिन्यात मागितलं तर सरळ नाही म्हणा. त्या उन्हात चीजला तेल सुटतं, गौडा दहा मिनिटांत घाम आल्यासारखा चमकायला लागतो.

थर्माकोलचे दोन डबे करा, एक चीजचा, एक मांसाचा, आणि ते एकमेकांच्या वस्तूंना लागू देऊ नका. शनिवारी रात्री अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या गोठवा, प्रत्येक डब्याला तीन. मांसाच्या डब्यातल्या बाटल्या एकदा वावरात गेल्या की परत घरच्या फ्रिजमध्ये आणू नका. सुटा बर्फ घालायचा तर पिशवीत घट्ट बांधून, कारण वितळलेलं पाणी चीजला लागलं की वरचा थर चिकट होतो. रिकाम्या जागेत वर्तमानपत्र कोंबा आणि डबा वारंवार उघडू नका. माठातलं पाणी कितीही गार लागलं तरी माठ फ्रिजच्या जवळपासही जात नाही. त्याच्या भरवशावर मांस ठेवू नये. रात्री वीज गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज चार तास थंडी धरतो.

चीज मात्र थेट बर्फातून तोंडात घालायचं नसतं. थंडीत त्यातली चरबी गोठलेली असते आणि चव बाहेरच येत नाही. म्हणून कापणं थंड असतानाच करा, काप स्वच्छ पडतात, आणि मांडल्यावर अर्धा तास झाकून ठेवा. सलामी उलट, खायच्या वेळीच बाहेर काढायची.

मांडणी

पाट नवा पॉलिश केलेला असेल तर त्यावर खायचं ठेवू नका. जुनं पोळपाट स्वच्छ घासून पूर्ण वाळवा, किंवा परातीत धुऊन पुसलेली पळसाची पानं अंथरा. दिसायलाही ते सुरेख दिसतं. मांसाला वेगळी परात, वेगळी सुरी आणि जमलं तर वेगळं टेबल. मांसाच्या परातीखाली दुसऱ्या मोठ्या परातीत बर्फाच्या पिशव्या ठेवा.

आधी वाट्या ठेवा: संत्र्याची चटणी, गाजर-मुळा, फल्लीदाणे. मग चीज एकमेकांपासून लांब लांब. गौड्यावर लाल किंवा पिवळं मेण असेल तर ते सोलून टाका, खायचं नसतं. निम्म्या गौड्याचे पातळ त्रिकोणी काप करा आणि निम्मा अख्खा ठेवून शेजारी सुरी ठेवा. सगळंच कापून ठेवलं तर विदर्भाच्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात कडा वाळून गडद होतात. चेडर कापूच नका, सुरीचं टोक खुपसून ओबडधोबड ढलप्या काढा. सलामीचे काप सपाट रचले की एकमेकांना चिकटतात. प्रत्येक काप दोनदा दुमडून सैल ठेवा. गार चिकन आडव्या रेषेत, धाग्याच्या विरुद्ध, दोन-तीन मिलिमीटर पातळ कापा. भाकरीचे तुकडे सगळ्यात शेवटी.

निम्मा माल डब्यातच राहू द्या. पहिला पाट संपत आला की दुसऱ्यांदा भरा. दोन्ही वेळा ताट ताजं दिसेल आणि उरलेलं थंडही राहील.

ताट हुरड्याच्या आगटीपासून लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवा. गवऱ्यांची राख उडून चक्क्यावर बसली की ती निघत नाही. गुळामुळे मुंग्या येणारच, टेबलाचे पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत ठेवा. माश्यांसाठी ओलसर पिळलेलं पातळ फडकं, पण चीजला न टेकता. चार वाट्यांवर ताणून धरा किंवा उलटी टोपली घाला. सोबत प्यायला संत्र्याचा रस किंवा कोरा चहा.

साडेबाराला मांडून एकला खायला बसलात तर अडीचच्या आत ताट आवरा. बाहेर राहिलेली सलामी आणि चिकन उरलं तर टाकून द्या, फ्रिजमध्ये परत घालून उपयोग नाही. चेडर आणि गौडा बटरपेपरमध्ये गुंडाळून आठवडाभर चालतात, आलूच्या पराठ्यात किसून घाला. पुढे कधी त्या घट्ट चीजवर बुरशीचा ठिपका दिसला तर त्याच्या भोवतीचं इंचभर कापून बाकीचं वापरता येतं. चक्क्यावर दिसला तर मात्र अख्खा गोळा फेकायचा.